तेच थेंब तेव्हा घातक होते, मग आता औषध कसे?

प्रश्न : माझे यजमान ३६ वर्षांचे आहेत. आम्ही सिंहगड रोडला राहतो, ते रोज दुचाकीने हिंजवडीला जातात. पावसाळ्यात त्यांचा उजवा डोळा लाल झाला, टोचायला लागला. डोळे आले असतील असं समजून, सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब घरात उरले होते ते घातले. दोन दिवस बरं वाटलं, मग धूसर दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, बुबुळावर हर्पीसची जखम आहे आणि त्या थेंबांतल्या स्टेरॉइडमुळे ती पसरली. मलम आणि गोळ्यांनी जखम भरली. आता चार महिन्यांनी त्याच डोळ्याला पुन्हा धूसर दिसतंय, आणि या वेळी त्याच डॉक्टरांनी स्टेरॉइडचेच थेंब लिहून दिलेत, सोबत गोळ्या. गोळ्या चालू आहेत, पण थेंब घालायचा धीर होत नाही. या विषाणूची प्रोटीन्स डोळ्याला इजा करतात असं मोबाइलवर वाचलं, म्हणून डाळी, अंडी, पनीर बंद केलंय. घरात पाच महिन्यांचं बाळ आहे. सासूबाई सारखं विचारतात, हे याला लागलं कुठून? नजर जाईल का?
– एक वाचक, पुणे

ताई,

आधी आजचं काम. थेंब सुरू केलेले नाहीत हे डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, आणि जमलं तर आज, नाहीतर उद्या सकाळी यजमानांना घेऊन त्यांच्याकडे जा. औषध लिहून दिल्यापासून जे दिवस गेले त्यात डोळ्याची स्थिती बदललेली असू शकते. बुबुळाचा पृष्ठभाग पुन्हा एकदा पाहून मगच थेंब सुरू झालेले बरे. गोळ्या चालू आहेत त्या तशाच चालू राहू द्या. आणि आज रात्रीच्या जेवणात वरण करा, उद्या अंडी आणा.

ज्या औषधाने डोळा बिघडला तेच डॉक्टर लिहून देतात, हे कुणालाही खटकेल. तुम्ही घाबरलात यात तुमचं काही चुकलं नाही. पण या कोड्याचं उत्तर विषाणूच्या प्रोटीनमध्येच आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. तुम्ही वाचलं ते खरं होतं, फक्त त्याचा संबंध जेवणाशी नाही. आपण खातो त्या डाळीतलं किंवा अंड्यातलं प्रोटीन पोटात गेल्यावर सुटं होतं आणि शरीर त्यातून स्वतःला हवं ते घडवतं. विषाणूची प्रोटीन्स विषाणूच्या जनुकांबरहुकूम आपल्याच पेशीत तयार होतात. तुम्ही वरण बंद केलंत म्हणून त्यांचं काही अडत नाही, उलट बुबुळाची जखम भरायला लागणारा माल मात्र कमी पडतो. लायसिन या प्रोटीनच्या घटकाच्या गोळ्या घ्या, शेंगदाणे सोडा असंही कुणीतरी सांगेल. डोळ्याच्या हर्पीससाठी त्याला भरवशाचा पुरावा नाही.

आता विषाणूकडे वळू. याचं नाव हर्पीस सिम्प्लेक्स टाइप १. त्याच्याकडे ८० च्या आसपास प्रोटीन्सची माहिती जनुकांत साठवलेली असते, पण ती बनवण्याचं साधन त्याच्याकडे नसतं. पेशीत शिरायचं आणि तिच्याच यंत्रणेकडून सगळं बनवून घ्यायचं, असं त्याचं जगणं. शिरण्याचं काम त्याच्या बाहेरच्या आवरणावरची प्रोटीन्स करतात. त्यांना शास्त्रज्ञांनी अक्षरांची नावं दिली आहेत : जीबी, जीसी, जीडी, जीएच, जीएल. जीबी आणि जीसी पेशीवरच्या हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्यांना चिकटतात. मग जीडी पेशीवर नेक्टिन-१ सारखं ठरावीक प्रोटीन गाठून त्याला घट्ट धरतं. ही पकड बसली की जीएच आणि जीएल पुढचं काम चालू करतात, आणि जीबी विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून टाकतं. विषाणू आत.

आत गेल्यावर त्याची खरी हुशारी दिसते. व्हीपी-१६ हे प्रोटीन तो सोबतच घेऊन येतो, ते त्याची पहिली जनुकं चालू करतं. दुसरं एक प्रोटीन, पेशीने स्वतःची प्रोटीन्स बनवण्यासाठी काढलेले संदेश तोडत सुटतं. धोका ओळखून पेशी प्रोटीन बनवणंच थांबवू पाहते, म्हणजे विषाणूचीही कोंडी व्हावी. विषाणूचं आयसीपी-३४.५ हे प्रोटीन ती कोंडी होऊ देत नाही. आयसीपी-४७ या आणखी एका प्रोटीनमुळे, आपल्या आत शत्रू शिरलाय हे पेशीला बाहेर संरक्षक पेशींना दाखवताच येत नाही. जीई आणि जीआय ही जोडी तर अँटिबॉडीचं, म्हणजे विषाणूला चिकटणाऱ्या आपल्या संरक्षक प्रोटीनचं, मागचं टोक धरून तिला निष्प्रभ करते, आणि याच जोडीच्या मदतीने विषाणू बाहेर न पडता एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत सरकतो. अश्रूंमधल्या संरक्षणाला त्याला गाठायला फारसा वाव मिळत नाही. अशा एकेक पेशी मरत जातात आणि बुबुळाच्या वरच्या थरावर फांद्या फुटल्यासारखी जखम उमटते. नारिंगी रंगाची पट्टी डोळ्याला लावून निळ्या उजेडात पाहिलं की ती हिरवी चमकते. तुमच्या डॉक्टरांनी पावसाळ्यात पाहिली ती हीच.

म्हणजे त्या पहिल्या वेळी डोळ्यात जिवंत विषाणू जोरात वाढत होता आणि शरीराचं संरक्षण आधीच अर्धं हतबल होतं. स्टेरॉइड हे संरक्षण आणखी दाबतं. लाली आणि सूज ही त्या संरक्षणाचीच लक्षणं, ती दबली म्हणून दोन दिवस बरं वाटलं. आतून मात्र विषाणूला मोकळं रान मिळालं आणि बारीक फांद्यांची मोठी जखम झाली.

इथे मला थोडं थांबून बोललंच पाहिजे. एका माणसासाठी दिलेले डोळ्याचे थेंब दुसऱ्याच्या डोळ्यात घालू नयेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या थेंबांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतंच, शिवाय उघडलेली बाटली साधारण महिन्याभरानंतर वापरण्यासारखी राहत नाही. घरात असलेल्या अशा सगळ्या बाटल्या आजच टाकून द्या. मेडिकलमध्ये जाऊन ‘डोळे आल्याचं काहीतरी द्या’ म्हटलं तरी कधीकधी हेच हातात पडतं, आणि त्याने बुबुळं खराब झालेली माणसं पाहून जीव तुटतो. २०२३ च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची साथ आली, पुण्यातही पसरली. तेव्हापासून पावसाळ्यातला प्रत्येक लाल डोळा म्हणजे साथच, असं लोक धरून चालतात. साथीत बहुधा एकामागून एक दोन्ही डोळे येतात, चिकट पाणी येतं, पण पुसल्यावर दिसतं नीट. एकच डोळा लाल, उजेड सहन होत नाही आणि दिसतंही धूसर, असं असेल तर ते डोळे येणं समजू नका.

जखम भरली ती बहुधा असायक्लोव्हिरने किंवा त्याच्या जातीच्या औषधाने. हे औषध ज्या कामातून निघालं, त्यासाठी गर्ट्रूड एलियन या शास्त्रज्ञ बाईंना १९८८ चं नोबेल पारितोषिक दोघांसोबत विभागून मिळालं. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. औषध पेशीत जातं तेव्हा ते अर्धवट असतं. विषाणूचं थायमिडीन कायनेज नावाचं प्रोटीन त्याला फॉस्फेट नावाचा पहिला रासायनिक तुकडा जोडतं, मग पेशीची स्वतःची प्रोटीन्स आणखी दोन जोडतात, तेव्हा कुठे ते कामाचं होतं. मग ते विषाणूच्या डीएनएच्या साखळीत घुसून ती साखळी तिथेच थांबवतं. ज्या पेशीत विषाणू नाही तिथे हा पहिला फॉस्फेट जवळजवळ जोडलाच जात नाही, म्हणून निरोगी पेशींना फारसा त्रास होत नाही. विषाणूचं प्रोटीन वापरूनच विषाणूला मारायचं, असा हा मार्ग.

आणि त्याचमुळे हे औषध या आजाराला मुळापासून काढू शकत नाही. पहिल्या संसर्गानंतर हा विषाणू चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या मज्जातंतूतून मागे जातो आणि कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या बाजूला आत, त्या तंतूच्या पेशींच्या पुंजक्यात जाऊन बसतो. तिथे तो आपली प्रोटीन्स बनवणं जवळजवळ बंदच करतो. थायमिडीन कायनेज नाही, म्हणजे औषधाला कामाचं होता येत नाही. ओळखता येईल असं काही बाहेर दिसत नाही, म्हणजे शरीरालाही तो सहज सापडत नाही. वर्षानुवर्षं तो असा राहू शकतो. कधीतरी जागा होतो आणि त्याच तंतूवरून डोळ्याकडे किंवा ओठाकडे परत येतो. तुमच्या यजमानांनी औषध नीट घेतलं नाही म्हणून आजार परतला, असं कुणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

आता चार महिन्यांनंतरच्या डोळ्याबद्दल. मी तो पाहिलेला नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी गोळ्यांसोबत स्टेरॉइड दिलंय त्यावरून या वेळी त्रास वरच्या थरात नसून बुबुळाच्या जाड मधल्या थरात असावा. हा थर पारदर्शक कसा, तर त्यातले कोलॅजनचे अतिशय बारीक धागे हातमागावर ताणलेल्या ताण्यासारखे समांतर आणि सारख्या अंतरावर बसलेले असतात, म्हणून प्रकाश त्यातून सरळ पार होतो. विषाणूची प्रोटीन्स या थरात पोहोचतात, आणि शरीराच्या संरक्षक पेशी, विशेषतः टी पेशी, त्यांच्यावर तुटून पडतात. रक्तातून आणखी पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्यातून निघणाऱ्या द्रव्यांनी कोलॅजनचे धागे विरघळतात, विस्कटतात. निरोगी बुबुळात रक्तवाहिनी नसते, पण या धुमश्चक्रीत तिथे रक्तवाहिन्या शिरू लागतात. विषाणू थोडा आणि दाह फार, अशी ही अवस्था. हा दाह वेळेत शमला नाही तर तिथे कायमचा पांढुरका व्रण राहतो. आपल्याकडे जुनी माणसं ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतात, त्यातला हा एक प्रकार.

या अवस्थेत इजा करणारा मुख्य हात शरीराच्या स्वतःच्या संरक्षणाचा असतो, म्हणून त्याला आवरायला स्टेरॉइड लागतं. आणि ते आवरताना विषाणूने डोकं वर काढू नये म्हणून सोबत गोळी लागते. पावसाळ्यात स्टेरॉइड एकटं गेलं, तेही चुकीच्या वेळी. आता ते पहाऱ्यात जातंय. अमेरिकेत १९९० च्या दशकात हर्पेटिक आय डिसीज स्टडी नावाच्या मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांत दिसलं की या दाहात विषाणूविरोधी औषधाच्या जोडीने स्टेरॉइड दिलं तर डोळे लवकर निवळतात. त्या चाचणीत थेंब हळूहळू उतरवत १० आठवडे दिले होते. हे मुद्दाम सांगते, कारण आठ दिवसांत डोळ्याची लाली गेली की लोक थेंब सोडून देतात आणि दाह दुप्पट वेगाने उसळतो. दिवसातून किती वेळा आणि कधी कमी करायचं हे डॉक्टर ठरवतील तसंच करा. मधून मधून डोळ्याचा दाब मोजून घ्यायला विसरू नका, स्टेरॉइडने तो काहींना वाढतो.

लाल, धूसर डोळा दोन्ही वेळा साधारण सारखाच दिसतो. वरच्या थरातली जखम आहे की आतला दाह, हे स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, रंग घालून पाहिल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही. आणि उपचार तर एकमेकांच्या उलट. म्हणून पुढच्या खेपेला आधीचा कागद काढून तेच औषध आणायचं नाही, कितीही ओळखीचं वाटलं तरी. दुखण्यावरही विसंबू नका. या आजाराने बुबुळाची संवेदना कमी होते, डॉक्टर कापसाचा तंतू टेकवून ती तपासतात. जखम वाढतेय आणि दुखत मात्र नाही, असं होऊ शकतं. त्यापेक्षा रोज सकाळी एक डोळा झाकून दुसऱ्याने भिंतीवरच्या कालनिर्णयचे आकडे वाचायचे, मग डोळा बदलायचा. उजव्याने कालपेक्षा कमी दिसलं, उजेड टोचला, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी जायचं.

पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल, याचंही उत्तर त्याच चाचण्यांत आहे. ज्यांना आदल्या वर्षभरात डोळ्याचा हर्पीस होऊन गेला होता अशा ७०३ जणांपैकी निम्म्यांना असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १२ महिने दिलं, उरलेल्यांना नुसती दिखाऊ गोळी. वर्षभरात दिखाऊ गोळीवाल्यांपैकी ३२ टक्के लोकांना डोळ्याचा आजार परत झाला, औषधवाल्यांत १९ टक्क्यांना. ज्यांना आधी मधल्या थराचा दाह झाला होता त्यांच्यात तोच दाह परतण्याचं प्रमाण २८ वरून १४ टक्क्यांवर आलं. तुमच्या यजमानांना लागोपाठ दोनदा झालंय, तेव्हा वर्षभर गोळी ठेवायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर तेही सांगा, कारण मात्रा त्यावर ठरते. पाणी भरपूर प्यायला लावा.

ऑफिसच्या ताणाने झालं, हे त्यांना ऐकवू नका. त्याच अभ्यासातल्या एका गटाने रुग्णांकडून दर आठवड्याला ताणाची नोंद घेतली होती, आणि ताण व आजार परतणं यांचा संबंध त्यात दिसला नाही. डोळ्याचं ऑपरेशन किंवा लेसर, रोगप्रतिकार दाबणारी औषधं, यांनी मात्र तो जागा होऊ शकतो. पुढे कधी चष्मा घालवायचं लेसर किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं, तर हा इतिहास पहिल्या भेटीतच सांगायला हवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असतील तर सध्या बंद. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली किंवा गॉगल हवाच, धुळीने बुबुळ आणखी चुरचुरतं. नीट दिसेपर्यंत रात्री गाडी चालवू नये. मध, गुलाबपाणी, दूध यातलं काहीही डोळ्यात नको.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना तुम्ही शांतपणे देऊ शकता. हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच लागतो, घरातल्याच कुणाच्या लाळेतून, पापा घेताना. बहुतेकांना तेव्हा कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ५० वर्षांखालच्या ३८० कोटी लोकांच्या शरीरात तो आहे, म्हणजे दर तिघांत जवळजवळ दोघांच्या. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणीदार फोड उठतात ते याचेच. त्यातल्या फार थोड्यांना तो डोळ्यात त्रास देतो. यात चारित्र्याचा प्रश्नच येत नाही, आणि तुमच्या मनात तो कुठे कोपऱ्यात आला असेल तर काढून टाका. नागीण हा निराळा आजार, त्याच कुळातल्या दुसऱ्या, कांजिण्यांच्या विषाणूचा. त्याची औषधं मिळतीजुळती असली तरी मात्रा वेगळी असते, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या नागिणीच्या गोळ्या यांना नकोत.

बाळाला वेगळ्या खोलीत न्यायची गरज नाही. यजमानांनी डोळ्याला हात लागला की, आणि थेंब घालण्याआधी व नंतर, साबणाने हात धुवावेत. टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवा. घरात कुणाच्याही ओठावर फोड आलेले असतील तर ते सुकेपर्यंत बाळाचा पापा नाही, हा नियम आजीलाही लागू. हा विषाणू सगळ्यात घातक असतो तो पहिल्या महिन्यातल्या बाळाला, तुमचं त्यातून पुढे गेलंय. तरीही बाळाच्या अंगावर किंवा डोळ्याभोवती पाणीदार पुटकुळ्या दिसल्या, किंवा अंगावर एक्झिमा असून त्यावर अचानक फोड आले, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

नजर जाईल का, हा प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलात. वेळेत उपचार झालेल्या बहुतेक डोळ्यांची नजर टिकते. धोका वाढतो तो दर खेपेला नवा व्रण पडत गेला की, म्हणून दाह लवकर आणि पुरता शमवण्यावर माझा एवढा भर आहे. समजा मधोमध व्रण राहिलाच आणि खूप धूसर दिसू लागलं, तर डोळा बराच काळ शांत राहिल्यावर बुबुळ बदलण्याची शस्त्रक्रिया करता येते. नव्या बुबुळातही विषाणू परतू शकतो, त्यामुळे त्यानंतरही गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. तुम्ही त्या टप्प्यापासून लांब आहात.

दुसरं मत घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या, पण बुबुळाच्या तज्ज्ञाकडे. खर्चाची अडचण असेल तर ससूनचा नेत्रविभाग आहे, महंमदवाडीला ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय आहे. जाताना पावसाळ्यातला आणि आत्ताचा असे दोन्ही कागद न्या आणि कोणते थेंब कधी घातले, कधी बंद केले, ते तारखांनिशी लिहून न्या. थेंबांची बाटली संपत आली की शेवटच्या दिवसाची वाट न बघता नवीन आणून ठेवा. रविवार आणि सणाच्या सुट्ट्यांत थेंब संपले म्हणून दोन दिवस खंड पडतो, आणि तेवढ्यानेही दाह परत उसळू शकतो.